नऊ हजारांचा प्रोजेक्टर आणि माशेलचं छप्पर

पाठीवर उताणं पडलेल्या माणसाला टीव्ही दिसत नाही. त्याला दिसतं ते छप्पर. ही साधी गोष्ट मला पन्नाशी उलटेपर्यंत सुचली नव्हती. 2024च्या नोव्हेंबरात माझ्या मित्राला मणक्याचा टीबी निघाला, तेव्हा कळली.

तो गोव्यातल्या माशेल गावचा. जत्रेच्या नाटकांचं नेपथ्य करण्यात त्याची तीस वर्षं गेली. चार महिने सगळे 'कंबर धरली असेल' म्हणत होते. तोही म्हणत होता आणि तेल चोळून घेत होता. मग बांबोळीच्या सरकारी इस्पितळात एमआरआय झाला आणि निदान हातात आलं. औषधं सरकारी, फुकट, पण दीड वर्षाची. फक्त मणक्यात असलेला टीबी श्वासातून दुसऱ्याला लागत नाही. हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावता समजावता वहिनींचा घसा बसला. पहिले दोन महिने उठायचं नाही, कूस बदलायची तीही सांगितली तशीच. गोळ्यांनी लघवी केशरी होते, त्याचं मात्र त्याला भारी कौतुक. मी गेलो की पहिली बातमी तीच.

तर हा प्रोजेक्टर मी त्याच्यासाठी घेतला. 8,990 रुपये, ऑनलाइन. उभट डब्यासारखं अंग आणि त्याला फिरणारा स्टँड, म्हणजे तोंड सरळ वर करता येतं. मी एवढंच बघून घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. हाच साचा दहा नावांनी विकला जातो, कुठलंही घ्या, आत हेच.

खोक्यावर '9000 ल्युमेन्स' असं ठसठशीत छापलंय. तिथेच मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. आतल्या पत्रकात बारीक अक्षरात 'ॲन्सी 200' आहे, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, आणि खरा आकडा तो. दिवसा दिवाणखान्यात भिंतीवर लावलात तर हिरो कुठला आणि भिंतीची ओल कुठली ते ओळखू येणार नाही. 'फोर-के सपोर्ट'चा अर्थही नीट समजून घ्या. फोर-के फाइल तो नाकारत नाही, एवढंच. दाखवतो 720 ओळींचंच चित्र. आतली ॲप्स तर शोभेची आहेत. एकाने मोबाइलवर दिसावं तसं अंधुक चित्र दिलं, दुसरं उघडलंच नाही. शेवटी घरची टीव्हीची स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआयला खोचली आणि काम झालं. स्टिकचा खर्च वेगळा धरा.

आता मुख्य गोष्ट. माशेलचं घर जुनं, वर मंगळुरी कौलं. कौलांवर सिनेमा कसा दिसणार? वासे, रिपा, कोळिष्टकं, मधे एक काचेचं कौल. म्हणून मी पांढरी डबलबेडची चादर नेली आणि चार कोपरे सुतळीने वाशांना बांधले. चादर मधोमध झोळीसारखी लोंबली. चित्र कडेला स्पष्ट, मधे धुरकट. पहिल्या दिवशी तर सगळं उलटंच होतं, नटांची डोकी त्याच्या पायांकडे.

मित्र खालून बघत होता. मान हलवायची नाही, त्यामुळे फक्त डोळे फिरवत होता.

"कितें रे हें?" तो म्हणाला. "चादर बांधतात अशी? दोन बाजूंना दुमड घालून शिवून आण. अर्ध्या इंचाचे पीव्हीसी पाइप आत सरकव. मग बांध."

दुसऱ्या फेरीला शिवून नेली. ताण बसला, पण चित्र अजून पातळच. उजेड चादरीतून आरपार जाऊन कौलांवर पडत होता. त्यावर तो पडल्यापडल्या म्हणाला, "माळ्यावर काळ्या विंगांचा गठ्ठा आहे. एक काढ आणि मागे लाव." लावली. कौलांवरून परत येणारा उजेड थांबला आणि चित्र एकदम घट्ट झालं. दोनशे ल्युमेन्सवर इतकं काळं काळं दिसेल असं मला वाटलं नव्हतं. तेव्हापासून मी या यंत्राच्या उणिवा थोड्या हळू आवाजात सांगतो.

घेणाऱ्यांसाठी दोन सूचना. 'ऑटो कीस्टोन', म्हणजे तिरकं चित्र आपोआप सरळ करायची सोय, बंद करा. तोंड वर केलं की यंत्राला वाटतं आपण कलंडलोय, मग ते चित्राचे कोपरे ओढून त्याची पतंगासारखी अवस्था करतं. आणि ब्लूटूथ स्पीकर लावू नका, ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. वायरचा लावा. अंतराचा हिशेब असा, की स्टुलापासून चादर अडीच मीटरवर होती आणि चित्र साधारण दोन मीटर रुंद आलं. पंखा घूं घूं करतो, पण त्या घरात आढ्याचा पंखा त्याहून मोठ्याने करतो. लाईट गेली तरी इन्व्हर्टरवर आरामात चालतो. लाईट जायची वाट बघावी लागत नाही, हे गोव्यात वेगळं सांगायला नको.

नाताळच्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी सांताक्रूझहून जायचो. त्या वर्षी जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन, त्यामुळे बाणस्तारीच्या पुलापर्यंत पोचेतो जीव मेटाकुटीला यायचा. शेजारच्या मावशींनी दिलेल्या कुसवाराच्या, म्हणजे नाताळच्या फराळाच्या, ताटातलं दोदोल हे मऊ गोड तेवढं न खाता घेऊन जायचो, कारण ते त्याला आवडतं आणि चावायला लागत नाही.

पहिला लावला 'होम अलोन'. चूक झाली. हसलं की त्याच्या पाठीत कळ यायची, आणि तो चोरांच्या आपटण्यावर हसल्याशिवाय राहीना. अर्ध्यात वहिनींनी वायर काढली. त्यात तो पोरगा जो काळा-पांढरा गुंडांचा सिनेमा लावतो, तो आपण कधीतरी पणजीत पाहिलाय असा याचा दावा होता. तो खरा सिनेमाच नाही, त्या प्रसंगापुरता चित्रित केलेला तुकडा आहे, असं मी म्हणालो. दोन दिवस बोलला नाही.

मग वहिनींचा नियम झाला, हसवणारं काही नको. म्हणून 1946चा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' लावला. मला तो जरा गोड वाटतो. अमेरिकेत दर नाताळला दाखवतात त्याचं एक कारण अगदी व्यवहारी आहे. 1974मध्ये त्याच्या हक्कांचं नूतनीकरण करायचं राहून गेलं आणि टीव्हीवाल्यांना तो फुकट मिळू लागला. मित्राला यातलं काही ऐकायचं नव्हतं. बर्फ पडायला लागला आणि तो म्हणाला, "थांबव. हे कशाचं?"

सुदैवाने मला ठाऊक होतं. त्याआधी पडद्यावरचा बर्फ म्हणजे बरेचदा पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स. त्यावर चाललं की इतका कुरकुर आवाज यायचा की संवाद नंतर पुन्हा भरावे लागत. इथे त्यांनी आग विझवायचा फेस आणि साबणाचं पाणी मिसळून उडवलं. आवाज नाही. त्या तंत्राला अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. चित्रीकरण भर उन्हाळ्यात झालं होतं.

तो बराच वेळ वर बघत राहिला. "आम्ही थर्माकोल खिसला होता," तो म्हणाला. "हिमालयाचा प्रवेश. पंख्याच्या वाऱ्याने सगळा पेटीवाल्याच्या नाकात." आणि हसला. वहिनी आतून ओरडल्या. त्या रात्री ती बर्फाची जागा आम्ही चार वेळा मागे घेऊन पाहिली. शेवट पाहायचा राहिलाच.

एक कबुली दिली पाहिजे. याच काळात मी त्याला बिनतारी बेलही आणून दिली होती. बटण उशाशी, बेल स्वयंपाकघरात, किंमत साडेतीनशे. नऊ हजारांच्या यंत्रापेक्षा त्या घराला तिचा उपयोग जास्त झाला. जानेवारीत तो दर वीस मिनिटांनी चहासाठी वाजवायला लागला, तेव्हा वहिनींनी ती प्लगमधून काढून तांदळाच्या डब्यात टाकली.

आता तो पाठीचा पट्टा बांधून बसतो, अंगणात फिरतो, टीव्ही सरळ बघतो. प्रोजेक्टर माझ्या घरी आला. टीव्हीऐवजी म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. घरात कोणी खाटेवर खिळलं असेल, वर काहीतरी ताणून बांधता येत असेल आणि अंधार करता येत असेल, तर घ्या. पाच तारे मागे नेपथ्यकार असेल तर. नसेल तर तीन.

पावसाळ्यानंतर चित्रात डावीकडे खाली एक काळपट ठिपका आलाय. आत धूळ किंवा ओल शिरली असावी, सिलिका जेलच्या पुड्या ठेवूनही. वॉरंटी आहे, पण स्वखर्चाने बंगळुरूला पाठवा म्हणतात. पाठवला नाही. परवा मित्र आला होता, त्याला दाखवलं. त्याने जवळ जाऊन भिंतीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "हा तर माशेललाच होता. मी पाल समजत होतो."