सुटे बी-ग्रेड सोलर सेल: डाग चालतील, ओरखडे नाहीत

हाताने पॅनल जुळवणाऱ्यांसाठी 156.75 मिलिमीटरचे मोनो (एकाच स्फटिकाच्या सिलिकॉनचे) सेल बी-ग्रेडमध्ये, म्हणजे किरकोळ दोषांमुळे वेगळे काढलेल्या मालात, सुटे मिळतात. विकणारे सगळ्याच दोषांना 'फक्त दिसण्यातला फरक' म्हणतात. ते अर्धंच खरं आहे.

रंगातला फरक खरोखर सोसण्यासारखा असतो. सेलला निळा रंग देतो तो सिलिकॉन नायट्राइडचा जेमतेम 75-80 नॅनोमीटरचा थर. तो थोडा जाड-पातळ झाला की सेल फिकट किंवा जांभळट दिसतो, परावर्तन किंचित वाढतं, करंट थोडासाच घटतो. असे सेल बिनधास्त घ्या.

ओरखड्याचं तसं नाही. सेल उजेडात तिरपा धरला की निळ्यावर करडी रेघ चमकते. तिथला नायट्राइड खरवडून गेलेला असतो. या थराचं काम परावर्तन रोखण्यापुरतं नाही. त्यातला हायड्रोजन सिलिकॉनच्या पृष्ठभागावरचे अर्धवट बंध बुजवतो. थर गेला की त्या बंधांपाशी इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, धन प्रभारासारख्या वागणाऱ्या) बाहेर पोचण्याआधीच एकमेकांत विरतात. निळा प्रकाश वरच्या एखाद्या मायक्रॉनमध्येच शोषला जातो, त्यामुळे पहिला फटका त्यालाच. ओरखडा जंक्शनपर्यंत, म्हणजे सेलमधले दोन वेगळे थर जिथे मिळतात तिथपर्यंत, खोल गेला तर शंट तयार होतो, म्हणजे करंटला आतल्या आत पळवाट.

भर उन्हात शंट सहसा लपून राहतो. मल्टिमीटर व्होल्टेज 0.6 च्या वरच दाखवतो. सेल मंद उजेडात न्या. प्रकाश दहापट घटला तर साधारण 0.06 व्होल्टने उतरणं ठीक. 0.2-0.3 व्होल्टने कोसळलं, तर तो सेल बाजूला काढा.

कडेचा टवका लहान असेल तर नुकसान तेवढ्या क्षेत्रफळापुरतं, पण सेल साधारण 180 मायक्रॉन जाडीचा असल्यामुळे सोल्डरिंगच्या वेळी तडा तिथूनच सुरू होतो. शक्य असेल तर ईएल (इलेक्ट्रोल्युमिनेसन्स, करंट दिल्यावर सेल स्वतः उजळणं) तपासणी करा: अंधारात पॉवर सप्लायचा प्लस सेलच्या प्लसला जोडून सुमारे 9 अँपिअर सोडायचे आणि इन्फ्रारेड फिल्टर काढलेल्या कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा. तडा काळी रेघ दिसतो, संपर्क तुटलेला तुकडा पूर्ण काळा.

एकापुढे एक जोडलेल्या 36 सेलच्या माळेत करंट ठरवतो तो सर्वांत कमजोर सेल, आणि तोच रिव्हर्स बायसमध्ये (उलट व्होल्टेजखाली) जाऊन तापतो. म्हणून दहा-बारा सेल जास्तीचे मागवा, एकाच उजेडात मोजून सारख्या करंटचे एका माळेत लावा, आणि दर 18 सेलमागे एक बायपास डायोड (कमजोर सेलला वळसा घालून करंट नेणारा) टाका.