मचूळ पाणी, काळी गाडी आणि डीआय फिल्टर: एका उन्हाळ्याचा अनुभव

गुहागरच्या किनाऱ्यालगतच्या आमच्या विहिरीचे पाणी शिमगा उलटला की मचूळ होऊ लागते आणि मे महिन्यात त्याने धुतलेल्या काळ्या गाडीवर पांढऱ्या कडांची वर्तुळे उमटतात. त्यासाठी दिवाळीनंतर मिश्र रेझिनचा (क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांचा) डीआय, म्हणजे पाण्यातील विरघळलेले क्षार काढून टाकणारा, फिल्टर घेतला आणि तेव्हापासून तोच वापरत आहे.

दुकानदार सुरुवातीला सॉफ्टनर सुचवत होता. सॉफ्टनर पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. त्यामुळे डाग पुसणे सोपे जाते, परंतु एकूण क्षार जवळपास तेवढेच राहतात आणि मचूळ पाण्यातले मीठ तर त्यातून सरळ पुढे जाते. डीआयमधील रेझिन धन आणि ऋण असे दोन्ही आयन (क्षारांचे विद्युतभारित कण) धरून ठेवते, म्हणून त्यातून आलेले पाणी गाडीवरच सुकले तरी मागे काही उरत नाही.

हे खरे असले तरी त्याचा खर्च टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यातील एकूण विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणावर, दिसतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० नुसार टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे; आमच्या विहिरीचा आकडा मे महिन्यात ७०० च्या आसपास जातो. फिल्टरमधून पाणी शून्यावर बाहेर पडते, बरेच दिवस शून्यावरच राहते आणि मग एकदा चढू लागले की भराभर चढते. टीडीएस दुप्पट झाला की रेझिन साधारण निम्म्या पाण्यात संपते. खोक्यावरचे लिटर बहुधा बऱ्याच गोड पाण्याचा हिशेब धरून छापलेले असावेत. म्हणून शाम्पू आणि पहिली धुलाई विहिरीच्याच पाण्याने करतो. टपावरून खाली सोडायचे शेवटचे पाणी तेवढे फिल्टरचे, तेही नळ अर्धाच उघडून. मधल्या वेळात पत्रा सुकू द्यायचा नाही, त्यामुळे हे काम सकाळी ऊन अंगणात येण्याआधी उरकावे लागते.

टॉवेलची गरज मात्र संपलेली नाही. आरशांच्या आणि नंबरप्लेटच्या मागे अडकलेले विहिरीचे पाणी गाडी पुढे-मागे हलवली की ओघळते आणि नेमका तोच ओघळ डाग सोडतो. दारे उघडून खाचा टिपून घेतल्या की हा त्रास राहत नाही. बॉनेटवरचे जुने डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून, थंड पत्र्यावर मिनिटभर ओले फडके ठेवून निघाले. जे रंगात खोल उतरले होते, ते पॉलिशशिवाय हटले नाहीत.

जांभ्याच्या सड्यावरील (कातळाच्या पठारावरील) विहिरींचे पाणी बहुधा मऊ असते. तिथल्या मंडळींनी आधी मीटर घेऊन पाणी तपासावे, कदाचित फिल्टर लागणारच नाही. पावसाळ्यात मलाही तो लागत नाही, कारण पहिले काही पाऊस कौले धुऊन गेले की पन्हळीचे पाणी पुरते. तेवढे महिने रेझिन कोरडे पडू नये म्हणून दोन्ही तोंडे बंद करून फिल्टर पडवीत सावलीला ठेवला आहे. एकच तक्रार आहे: रेझिनच्या रिफिलची किंमत, ते मागवण्याचे वाहतूक भाडे धरून, नव्या फिल्टरच्या जवळ जाते.