सलग एक टेक की तुकडे जोडून? कॉलेजच्या म्युझिक व्हिडिओसाठी काय निवडावं

गाणं ठरलं की कॉलेजच्या टीममध्ये हमखास दोन तट पडतात. एका गटाला अख्खं गाणं सलग एका शॉटमध्ये हवं असतं. कॅमेरा गेटपासून निघणार, व्हरांडा, लायब्ररी, कँटीन करत मैदानावर पोचणार आणि वाटेत सगळे गात भेटणार. दुसऱ्या गटाला सुटे शॉट घेऊन नंतर एडिट करायचं असतं. वाद होतो तो ‘भारी काय दिसेल’ यावर. खरं तर दोन्ही भारी दिसू शकतात आणि दोन्ही तितकेच फसू शकतात. फरक आहे तो चूक दुरुस्त करायची संधी कधी मिळते आणि ती कोणाच्या हातात असते, यात. सलग टेकमध्ये सगळी दुरुस्ती शूटिंगच्या आधी, तालमीत, सगळ्यांच्या देखत होते. तुकड्यांच्या पद्धतीत ती नंतर होते, एका लॅपटॉपवर, आणि बहुधा एकाच कुणाच्या तरी जिवावर.

सलग टेक

ओठ हलवत, बहुतेकदा एका दमात चित्रित केलेल्या या प्रकाराला लिपडब म्हणतात. व्हिमिओ या व्हिडिओ-साइटच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जेक लॉडविकनं २००६ च्या सुमारास हे नाव रूढ केलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत विद्यापीठांत त्याची लाटच आली. मॉन्ट्रियलच्या क्वेबेक विद्यापीठातल्या १७२ विद्यार्थ्यांचा २००९ मधला व्हिडिओ त्यात गाजला. त्याचं चित्रीकरण २ तास १५ मिनिटांत उरकलं होतं. हा आकडा ऐकून मुलं हुरळतात. पण १७२ जणांपैकी कोण कुठे उभं राहणार आणि कोणत्या ओळीला काय करणार, हे पक्कं असल्याशिवाय सव्वादोन तासांत काहीच होत नाही. ‘ओके गो’ या अमेरिकन बँडनं २००६ मध्ये ट्रेडमिलवर नाचत केलेला सलग व्हिडिओ आठवा. माणसं चार, जागा एक, कॅमेरा स्थिर, तरी १७ टेक लागले.

आता तुमचं गणित मांडा. साडेतीन मिनिटांचं गाणं म्हणजे २१० सेकंद. कॅमेरा सेकंदाला अर्धा मीटर इतक्या मंद चालीनं सरकला तरी १०५ मीटरची वाट लागते. एवढी वाट भरायला माणसं हवीत. तीस-चाळीस जण असतील तर प्रश्न नाही, आठ जण असतील तर तीच तोंडं पळत जाऊन पुढच्या वळणावर पुन्हा उभी करावी लागतात. ते मजेशीर दिसू शकतं, पण आधी ठरवून केलं तरच.

आवाजाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. गेटजवळ एक मोठा स्पीकर ठेवला आणि गाणारे दूर मैदानावर असले, की ओठ मागे पडतात. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. सेकंदाला २५ फ्रेमच्या, म्हणजे २५ सुट्या चित्रांच्या, चित्रणात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, म्हणजे सुमारे साडेतेरा मीटर अंतराला एक फ्रेम उशीर. चाळीस मीटरवरच्या मुलांचे ओठ तीन फ्रेम मागे असतात आणि ते डोळ्याला खटकायला लागतं. तुकड्यांच्या पद्धतीत तेवढा शॉट पुढे सरकवून जुळवता येतो. सलग टेकमध्ये सुरुवात जुळवली की शेवट चुकतो आणि शेवट जुळवला की सुरुवात. उपाय सोपा आहे: छोटा स्पीकर कॅमेरेवाल्याच्या सोबत चालवा. तो ब्लूटूथचा असला तरी हरकत नाही, कारण सगळे त्याच आवाजावर गातात आणि कॅमेराही तोच आवाज टिपतो. नंतर त्या कच्च्या आवाजाखाली मूळ गाणं जुळवून बसवायचं. फक्त वेगवेगळ्या फोनवरून दोन स्पीकर लावू नका.

दुसरी अडचण उजेडाची. अंधाऱ्या व्हरांड्यातून उन्हात येताना फोन स्वतःहून उजेड बदलतो आणि चित्र भसकन पांढरं पडतं. उजेड लॉक केला तर आतला भाग काळा किंवा बाहेरचा भाग पांढरा. त्यामुळे वाट आखतानाच आत-बाहेर शक्य तितकं कमी ठेवायचं, किंवा ऊन उतरल्यावर शूट करायचं. ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसले तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि बरेच फोन मुळात ३० फ्रेमवर लावलेले असतात, तिथेच घोळ होतो. कॅमेरेवाला उलटा चालत असेल तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून वाट दाखवणारा एक माणूस द्या. ही सूचना सगळ्यांना फालतू वाटते, जिना येईपर्यंत.

टीम म्हणून मात्र या पद्धतीत एक गोष्ट फार चांगली घडते: प्रत्येकाला आपलं काम कळतं. वाटेचे पाच-सहा भाग पाडून प्रत्येकाला एकेक जबाबदार नेमायचा. टेक संपला की सगळ्यांनी मिळून तो बघायचा आणि त्या जबाबदार मुलानं किंवा मुलीनं आपल्या भागात एकच बदल सांगायचा. चाळीस जणांनी चाळीस सूचना केल्या की पुढचा टेक आधीच्याहून वाईट होतो. एकांकिका केलेल्या मुलांना हे सांगावं लागत नाही. फिरोदिया किंवा पुरुषोत्तम या कॉलेजांच्या करंडक स्पर्धांची तालीम ज्यांनी काढली आहे, त्यांना मधे न थांबता शेवटपर्यंत रेटून न्यायची सवय असते. तुमच्यात असे पाच-सहा जण असतील तर सलग टेकचं पारडं जड समजा.

तुकडे जोडून

इथे माणसं कमी लागतात, पण वेळ कुठे जातो ते कळत नाही. २१० सेकंदांच्या गाण्यात सरासरी तीन सेकंदांचा शॉट धरला तरी ७० शॉट होतात. प्रत्येकाला मांडणीसकट दहा मिनिटं धरली तर ७०० मिनिटं, म्हणजे साडेअकरा तासांहून जास्त. म्हणून सत्तर शॉट सुटे घेत बसू नये. तीन-चार जागी अख्खं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाऊन घ्यायचं, एकदा लांबून, एकदा जवळून. मग हात, पाय, वाद्यं, वर्गातली बाकं असे ओठ न दिसणारे शॉट वेगळे घ्यायचे. एडिटमध्ये जिथे ओठ चुकतात तिथे हेच शॉट अब्रू वाचवतात. ते नेहमी कमी पडतात, जास्त घ्या.

या पद्धतीत काही चैन करता येते, जी सलग टेकमध्ये शक्य असली तरी झेपत नाही. उदाहरणार्थ, स्लो मोशनमध्ये चालताना ओठ मात्र गाण्याशी जुळलेले. त्यासाठी गाणं दुप्पट वेगानं वाजवून, ५० फ्रेमवर शूट करून, मग चित्र २५ वर आणायचं. रॅपला हे करायला जाऊ नका, मुलांची जीभ वळणार नाही.

कट तालावर करायचे असतील तर गाण्याची लय आधी मोजा. मिनिटाला १०० ठोके असतील तर २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर दर १५ फ्रेमला एक ठोका पडतो, १२५ असतील तर १२ फ्रेमला. पण प्रत्येक ठोक्यावर कट केला की बघणारा वैतागतो. मुखड्याला संथ ठेवून अंतऱ्यात वेग वाढवला, किंवा उलट केलं, तरी पुरतं.

आता गैरसोय. शूटिंग संपलं की टीम विखुरते आणि एडिटरच्या फोनवर ‘झालं का रे?’ सुरू होतं. पहिला कट बघून ‘मजा नाही आली’ असं ग्रुपवर लिहिणारे पाच जण निघतात. त्या वाक्याचं एडिटरनं काय करायचं? सूचना वेळेसकट लिहायची: १:१२ ला ओठ मागे, १:४० चा शॉट दुसऱ्यांदा आलाय. एका सामायिक शीटमध्ये लिहा, म्हणजे एकच गोष्ट चौघं सांगत नाहीत. कट पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवला की दर्जा घसरतो आणि लोक फोकसबद्दल तक्रारी करत बसतात. एकदा आवाज बंद करून बघा. गाण्याशिवाय कंटाळा येतो ती जागा खरंच कंटाळवाणी आहे. आणि शूटिंगला नसलेल्या एखाद्याला दाखवा, कारण कोणता शॉट मिळवायला किती घाम गाळला हे त्याला माहीत नसतं.

सॉफ्टवेअरची काळजी सोडा. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते, लॅपटॉप बेताचा असेल तर फोनवरचं व्हीएन हे ॲप चालतं.

मधला मार्ग

तीन-चार लांब टेक घ्यायचे आणि जोड लपवायचे: खांबामागून जाताना, कॅमेरा झपकन वळवताना, कुणाच्या पाठीवर चित्र काळं होताना. दिग्दर्शक हिचकॉकनं १९४८ मध्ये एक चित्रपटच असा बेतला होता, कारण कॅमेऱ्यात एका वेळी दहाएक मिनिटांचीच फिल्म मावायची. कॉलेजच्या टीमला ही युक्ती मानवते. शेवटच्या वळणावर कुणी चुकलं तरी पुन्हा गेटपासून सुरुवात करावी लागत नाही.

गाण्याच्या हक्कांचा प्रश्न तिन्हीकडे सारखाच. आपल्या कॉलेजात विद्यार्थी-पालकांपुढे दाखवणं वेगळं आणि यूट्यूबवर चढवणं वेगळं. सिनेमाचं गाणं असेल तर तिथे दावा येऊन व्हिडिओ अडू शकतो. कॉलेजच्या बँडचं स्वतःचं गाणं असेल तर दुसरा विचारच करू नका.

माझा कौल: तीसच्या वर माणसं, एक अख्खी सुट्टी कॉलेजची इमारत मोकळी आणि दोन आठवडे तालीम शक्य असेल, तर सलग टेक घ्या. दहाच्या आत माणसं आणि मनापासून एडिट करणारं एक जण असेल, तर तुकडे. मधल्या आकड्याच्या टीमनं लपवलेले जोड. तरीही ठरत नसेल तर एका दुपारी फोनवर गाणं लावून ठरलेली वाट चालून बघा, फक्त मुखडा आणि पहिल्या अंतऱ्यापुरती. चार-पाच प्रयत्नांत तेवढं एकदाही अखंड जमलं नाही, तर सलग टेकचा नाद सोडा आणि त्याच दिवशी शॉटची यादी करायला बसा.