थायरॉइडच्या ऑपरेशनला अँटिबायोटिक: पाच दिवस, एक डोस की काहीच नाही?

मानेची जखम स्वच्छ वर्गातली, रक्तपुरवठा भरपूर, जखम पिकण्याचं प्रमाण एखादा टक्का किंवा त्याहून कमी, हे सगळं आपण परीक्षेत लिहून आलो. तरी डिस्चार्ज कार्डावर पाच दिवसांच्या गोळ्या उमटतातच. नव्याने प्रॅक्टिस सुरू करणारे सर्जन मित्र इथेच अडतात. मी तिन्ही पद्धती वापरल्या आहेत, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

पाच दिवसांच्या कोर्सच्या बाजूने एकच खरा मुद्दा आहे: सर्जनला झोप लागते. पेशंटचं गाव लांब, तपासणीला परत येईल याची खात्री नाही, ही भीती मी खोटी म्हणणार नाही. पण टाके घातल्यावर दिलेल्या गोळ्यांनी जखम पिकायची थांबते, याला आधार सापडत नाही. ऑपरेशन संपल्यावर अँटिबायोटिक लांबवू नका, असं डब्ल्यूएचओने २०१६ मध्येच सांगितलंय. ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) ठेवलाय ही सबबही चालत नाही.

खरं सांगायचं तर माझा कल ठरला तो जुलाबांमुळे. पूर्ण थायरॉइड काढलेल्या बाईंचं वेळापत्रक डोळ्यासमोर आणा. सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन (थायरॉइडच्या संप्रेरकाची गोळी), त्यानंतर चार तास सोडून कॅल्शियम, तेही दिवसातून तीनदा, शिवाय कॅल्सिट्रिऑल, म्हणजे सक्रिय ड जीवनसत्त्व. त्यात अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट घातलं की पोट बिघडतं, मळमळतं. मग त्या बंद काय करतात? अँटिबायोटिक नक्कीच नाही, कारण ‘कोर्स पुरा करा’ हे सगळ्यांना पाठ आहे. सुटते ती कॅल्शियमची गिळायला जड गोळी, आणि नेमकं कॅल्शियम घसरण्याच्या दिवसांत. रात्री फोन येतो, “डॉक्टर, ओठांभोवती मुंग्या येताहेत, बोटं आखडताहेत.” थायरॉइडला लागून असलेल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी ऑपरेशनमध्ये दुखावल्या, गोळ्या चुकल्या की जुलाबाने काही अंगी लागलं नाही, हे फोनवर कसं ठरवायचं? पेशंटला बोलवा, कॅल्शियम तपासा, शिरेतून द्या. पॅराथायरॉइडची गाठ काढलेल्या, हाडं आधीच पोखरलेल्या पेशंटमध्ये तर हा गोंधळ परवडतच नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन लिहिणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की कॅल्शियमसोबत घेतलं तर ते पोटातून धड शोषलंच जात नाही.

एका डोसवर माझी फारशी तक्रार नाही. सेफाझोलिन २ ग्रॅम, चीर देण्याआधी तासाभरात, विषय संपला. भुलेत असताना अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया आली तर भूलतज्ज्ञाची तारांबळ उडते, पण ते क्वचित. फक्त सवयीने सेफट्रायॅक्सोन लावू नका. या पेशंटला नंतर शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट लागू शकतं आणि ही दोन एकाच नळीत भेटली की साका धरतात. रिंगर लॅक्टेटच्या सलाइनमध्येही कॅल्शियम असतंच. मोठ्या माणसांत नळी धुऊन एकापाठोपाठ देता येतं, पण रात्रपाळीच्या सिस्टरना हे आठवेल यावर मी विसंबणार नाही.

काहीच न देणं ऐकायला धाडसी वाटतं. पण थायरॉइड शस्त्रक्रियेतले मृत्यू एक टक्क्याखाली आणून १९०९ चं नोबेल मिळवणाऱ्या स्विस सर्जन थिओडोर कोखरच्या हाताशी अँटिबायोटिक नव्हतंच; होती ती काटेकोर निर्जंतुकता आणि रक्तस्रावावरचा ताबा. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सर्जनांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही मानेवरून केलेल्या नेहमीच्या थायरॉइडला बहुतेक वेळा गरज नाही असंच म्हणतात. तोंडातून दुर्बिणीने करत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे डोस हवाच. मानेतल्या लसीका गाठी काढण्यासकट लांबलेलं ऑपरेशन किंवा ताब्यात नसलेली साखर असेल तर मीही एक डोस देतो.

तुमच्या ओटीची शिस्त कशी आहे हे मी इथून सांगू शकत नाही, त्यामुळे सुरुवातीला एका डोसवर राहिलात तर गैर नाही. माझ्याकडे साध्या केसला आता तोही बंद आहे. कार्डावर गोळ्यांच्या जागी कॅल्शियमच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहितो, आणि जखम लाल झाली, सुजली किंवा ताप आला तर त्याच दिवशी या, एवढं सांगतो.