ड्युओ-आर्टचा टेस्ट रोल: जुना मूळ घ्यावा की नवा रीकट?

ड्युओ-आर्ट म्हणजे भोकं पाडलेल्या कागदी रोलवरून, वाजवणाऱ्याच्या कमी-जास्त जोरासकट, पियानो आपोआप वाजवणारी जुनी यंत्रणा. टेस्ट रोल तिची जुळणी तपासायला लागतो, आणि रीकट म्हणजे जुन्या रोलवरून नव्या कागदावर पाडलेली प्रत. नळ्या बदलून झाल्या, गळती थांबली, ट्यूनिंगही झालं आणि आता फक्त जोराचे टप्पे जुळवायचे राहिलेत, अशा वेळी हा प्रश्न येतोच. मी दोन्ही रोल वापरलेत.

जुन्याची ओढ मला कळते. खुद्द एओलियन कंपनीने पाडलेली भोकं, काय ऐकू यायला हवं त्याच्या सूचना कागदावरच छापलेल्या. रीकट मात्र कुठल्या प्रतीवरून उतरवलाय, ते विक्रेत्याला विचारावंच लागतं.

माझा निर्णय झाला तो काठामुळे. ड्युओ-आर्टची जोराची भोकं रोलच्या दोन्ही काठांजवळ, चार-चार. अकॉर्डियनचे, म्हणजे जोर ठरवणाऱ्या भात्याचे, कप्पे 1/16, 1/8, 1/4 आणि 1/2 इंच मिटतात आणि त्यांच्या बेरजेतून 0 ते 15 असे सोळा टप्पे मिळतात. जुन्या रोलचा काठ बहुधा चिरलेला असतो. ट्रॅकिंगची, म्हणजे कागद सरळ रेषेत ठेवणारी, बोटं नेमका तोच काठ चाचपतात, त्यामुळे कागद सारखा डावी-उजवीकडे सरकत राहतो. इंचाला नऊ भोकं, त्यात कागद जरा हलला की कडेचं भोक अर्धवटच उघडतं आणि टप्पा 1 हा 0 सारखा ऐकू येतो. आता दोष कप्प्याचा की कागदाचा? साथीचा शून्य टप्पा जेमतेम उमटावा, थीमचा (मुख्य सुरावटीचा) त्याहून किंचित वर, इतकं नाजूक हे काम. मनात अशी शंका घेऊन स्क्रू फिरवणं मला नकोसं झालं. त्यात आमच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळा दमट, हिवाळ्यात हीटरची कोरडी हवा. जुना कागद दोन्ही ऋतूंत वेगळा वागतो. रीकटवर टप्पा 1 दर वेळी तसाच आला. मोजमाप नाही केलं, पण कानाला फरक स्पष्ट होता.

वेगाच्या चाचणीला, म्हणजे टेंपो 70 ला मिनिटाला 7 फूट, दोन्ही चालतात.

अँपिको, म्हणजे अशीच दुसरी यंत्रणा, असेल तर मी इतकं ठामपणे सांगणार नाही. तिथे क्रेसेंडो (हळूहळू वाढणारा जोर) किती वेळात चढतो तेही बघायचं असतं. रीकटमधल्या भोकांची लांबी मूळ रोलशी जुळली नाही, तर तो वेळच चुकीचा लागेल.

धड काठाचा मूळ रोल मिळालाच तर सोडू नका. रीकट त्याच्याशी एकदा ताडून बघता येईल. पण दर वेळी चढवायला माझ्या मते रीकटच बरा. मूळ रोल प्रत्येक फेरीत थोडा आणखी झिजतो, आणि तसा दुसरा कुणी पाडणार नाही.