देवगडातून मुंबईच्या सर्व्हरवर नजर : ग्लान्सेसचा नऊ महिन्यांचा अनुभव

नोव्हेंबरात, कलमांना मोहोर यायच्या सुमारास, सर्व्हरवर नजर ठेवायला मी ग्लान्सेस हे साधन बसवलं. आता श्रावण लागलाय. मधल्या काळात एक अख्खा हंगाम आणि अर्धा पावसाळा त्याच्यासोबत काढला, म्हणून आता सविस्तर लिहितो.

आधी आमची परिस्थिती सांगतो, कारण हत्यार चांगलं की वाईट हे कामावर ठरतं. आमच्या वाडीतल्या सहा बागायतदारांचं मिळून हापूस विकणारं एक संकेतस्थळ आहे. ते मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर चालतं. प्रोसेसरचे २ कोअर, २ जीबी रॅम, ४० जीबी डिस्क, उबुंटू लिनक्स. सांभाळणारा मी एकटा, कुणकेश्वरच्या अलीकडे, घराच्या ओटीवर बसून. पाडव्याला पहिल्या पेट्या सुटतात, अक्षय तृतीयेपर्यंत मागणी चढत जाते, आणि पावसाची चाहूल लागली की सगळं आटपतं. वर्षाची कमाई त्या आठ-दहा आठवड्यांत. त्यात सर्व्हर तासभर बसला तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. आणि इथली लाइन कशी आहे ते कोकणातल्या कोणाला सांगायला नको. फायबर चालू असेल तर छान, वीज गेली की थोड्या वेळाने तोही जातो, मग मोबाइलचं नेट, आणि तेही ओटीच्या एकाच कोपऱ्यात.

ग्लान्सेस म्हणजे पायथॉनमध्ये लिहिलेलं, मुक्त परवान्याचं, टर्मिनलमध्ये चालणारं साधन. सीपीयू (प्रोसेसर), मेमरी, लोड (चालू आणि ताटकळलेल्या कामांची सरासरी संख्या), डिस्क, नेटवर्क आणि चालू प्रोसेसेस (प्रोग्रॅम) असं सगळं एकाच पडद्यावर दिसतं. मला सर्वांत आवडलेली गोष्ट त्याचे रंग. ठीक असेल तर हिरवा, लक्ष ठेवायचं तर निळा, इशारा जांभळा आणि धोका लाल. सीपीयू आणि मेमरीसाठी ५०, ७० आणि ९० टक्के या पायऱ्या आधीच ठरवलेल्या असतात, आणि कॉन्फिग फाइलमध्ये त्या बदलता येतात. लोडचा हिशोब तो कोअरच्या संख्येने करतो, हे मला फार पटलं. लोड ३ आहे एवढ्यावरून काहीच कळत नाही. ४ कोअरच्या मशीनला तो सहज पेलतो, माझ्या २ कोअरच्या मशीनला मात्र ओझं आहे. मेमरीचे टक्केही उपलब्ध मेमरी धरून काढतो, त्यामुळे लिनक्सने कॅशमध्ये वापरलेली रॅम बघून उगाच घाबरायला होत नाही. तरी २ जीबीच्या मशीनवर डेटाबेस चालत असला की मेमरी ५० टक्क्यांच्या वरच असते आणि पडदा कायम निळा दिसतो. मी ती पहिली पायरी ७० वर नेली. रोज दिसणाऱ्या रंगाकडे डोळे लक्ष देईनासे होतात.

आता मुख्य मुद्दा. ग्लान्सेस दोन तऱ्हांनी वापरता येतं. एक म्हणजे सर्व्हरवर लॉगिन करून तिथेच चालवायचं. दुसरी तऱ्हा क्लायंट-सर्व्हरची. तिकडे ते सर्व्हर म्हणून ६१२०९ या पोर्टवर (नेटवर्कच्या दारावर) बसतं, आणि आपल्या लॅपटॉपवरचं ग्लान्सेस क्लायंट म्हणून त्याला जोडतं. आकडे तिकडून येतात, चित्र इथे उमटतं. मी सुरुवात क्लायंटने केली. माझा अंदाज होता की फक्त आकडेच यायचे म्हणजे आमच्या बारीक लाइनवर हे हलकं पडेल.

अंदाज चुकला. क्लायंट दर दोन-तीन सेकंदांनी सगळेच्या सगळे आकडे मागतो, आणि त्यात पूर्ण प्रोसेस-यादी येते, आपण पडद्यावर वरच्या वीसच बघत असलो तरी. मोबाइलचं नेट लावून तासभर उघडं ठेवलं तेव्हा डेटाचा आकडा बघून मी चकित झालो. एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) जाऊन तिकडेच चालवलं तर यापेक्षा खूपच कमी डेटा लागतो, कारण पडद्यावर जेवढं बदललं तेवढंच येतं. क्लायंटनेच बघायचं असेल तर दोन उपाय आहेत. क्लायंटचा ताजेतवाना होण्याचा अवधी वाढवायचा, मी १० सेकंद ठेवलाय. आणि तिकडचं ग्लान्सेस सुरू करताना प्रोसेसेसचा भाग बंद ठेवायचा. मग ते खरंच हलकं होतं, सर्व्हरच्या सीपीयूवरचा त्याचा स्वतःचा भारही उतरतो. हा भार नगण्य नाही. माझ्याकडे प्रोसेसेस चालू असताना ग्लान्सेस स्वतःच यादीत ६ ते ८ टक्क्यांवर दिसायचं.

सुरक्षेबद्दल कळकळीने सांगतो. सर्व्हर म्हणून सुरू केलेलं ग्लान्सेस, काही न सांगितल्यास, सगळ्या पत्त्यांवर ऐकत बसतं. पासवर्ड लावता येतो, पण मधली वाहतूक कूटबद्ध नसते. म्हणजे तुमच्या मशीनवर काय काय चालतं ते वाटेत कोणीही वाचू शकतं. म्हणून त्याला फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच पत्त्यावर, बांधा आणि एसएसएचच्या बोगद्यातून, म्हणजे त्याच्या कूटबद्ध जोडणीतून, त्याच पोर्टला जोडा. ६१२०९ फायरवॉलमध्ये उघडू नका. दोन मिनिटांचं काम आहे.

पण बोगदा टीसीपीवर, म्हणजे सलग टिकायला लागणाऱ्या जोडणीवर, चालतो, आणि आमची लाइन तुटते. फायबरवरून मोबाइलवर गेलं की आयपी (नेटवरचा आपला पत्ता) बदलतो, बोगदा मरतो, आणि क्लायंट जुन्या आकड्यांवर थिजून राहतो. तिथेच मी मॉश या दूरच्या लॉगिनच्या साधनाकडे वळलो. मॉश २०१२ साली आलं. ते एसएसएचने आत शिरतं आणि पुढचं बोलणं यूडीपीवर, म्हणजे तशी जोडणी न धरता, करतं, ६०००० ते ६१००० मधल्या एका पोर्टवर. नेट गेलं, परत आलं, आयपी बदलला, लॅपटॉप मिटून पुन्हा उघडला, तरी पडदा जिथे होता तिथून पुढे चालू. मात्र मॉशमधून बोगदा काढता येत नाही, त्यामुळे क्लायंटची तऱ्हा तिथे बाद. शेवटी माझी घडी बसली ती अशी: सर्व्हरवर टीमक्स (आपण बाहेर पडलो तरी टर्मिनल चालू ठेवणारं साधन), टीमक्समध्ये ग्लान्सेस, आणि मी मॉशने जाऊन तो पडदा बघतो. क्लायंट फक्त फायबर ठणठणीत असेल त्या दिवशी, आणि तो चांगला वाटतो हेही खरं. चित्र जवळच असल्यामुळे कळ दाबली की लगेच हलतं.

या घडीचा आणखी एक फायदा मला उशिरा कळला. सर्व्हर म्हणून बसलेलं ग्लान्सेस कोणी विचारेपर्यंत आकडे गोळाच करत नाही. म्हणजे रात्री काही झालं आणि क्लायंट बंद असेल, तर सकाळी त्याचा मागमूस नाही. टीमक्समध्ये ते अखंड चालू असतं, त्यामुळे पडद्याच्या तळाला इशाऱ्यांची यादी साठत राहते: कधी सुरू झालं, किती वेळ टिकलं, कुठवर गेलं.

त्या यादीनेच एप्रिलमध्ये आम्हाला सोडवलं. दुसरा आठवडा होता. बाबा खळ्यात पेट्या भरत होते, तळाला पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा. पुण्याच्या एका बाईंचा फोन आला की पैसे भरायचं पान नुसतं फिरतंय. मी लॅपटॉप उघडेपर्यंत सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी तळाची यादी नीट वाचली. रोज एकच वेळ, आठ ते सव्वाआठ, आणि कारण आयओवेट (प्रोसेसरने डिस्कसाठी थांबणं). तिसऱ्या दिवशी पावणेआठपासून पडद्यासमोर बसलो. आठ वाजले आणि सीपीयूच्या रकान्यात आयओवेट ११ वरून ६८ वर गेला, लाल. खरं काम करणारा युजरचा आकडा होता फक्त १४. म्हणजे प्रोसेसर रिकामा होता, डिस्कची वाट बघत होता. लोड ६ पार, जांभळा. ‘आय’ची कळ दाबली, तशी यादी डिस्क-वापराच्या क्रमाने लागली, आणि वर दोन नावं आली: मायएसक्यूएलडम्प आणि आरसिंक. माझंच बॅकअपचं काम. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) मी रात्री अडीचची वेळ घातली होती, पण सर्व्हरचं घड्याळ यूटीसी या जागतिक वेळेवर आहे, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. रात्रीचे अडीच म्हणजे इथले सकाळचे आठ. हंगामाआधी त्या वेळेला कोणी येतच नसे, म्हणून पाच महिने कळलं नाही. वेळ बदलून २१:०० केली, म्हणजे इथले रात्रीचे अडीच. बाबांनी खळ्यातूनच विचारलं, “दुकान चालू झाला मां?” मी म्हटलं, झालं. त्यानंतर सकाळी आठची तक्रार एकदाही आली नाही.

एक सूचना : दुसऱ्या वापरकर्त्याच्या प्रोसेसचं डिस्क-वाचन आणि लेखन बघायचं तर ग्लान्सेस रूट या सर्वाधिकारी खात्याने चालवावं लागतं, नाहीतर त्या रकान्यात प्रश्नचिन्ह दिसतं.

जिथे ग्लान्सेसने दगा दिला तेही सांगतो. मे महिन्यात ऑर्डर नोंदायच्या बंद झाल्या. लॉगमध्ये ओरड, डिस्कवर जागा नाही. पडद्यावर डिस्क ५८ टक्के, नुसती निळी. अर्धा तास मी भलतीकडेच शोधत होतो. संपले होते आयनोड, म्हणजे दर फाइलीमागे लागणाऱ्या नोंदी. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टममध्ये ते ती बनवतानाच ठरतात, सहसा दर १६ केबीमागे एक, म्हणजे ४० जीबीला २५-२६ लाख. पीएचपीच्या सेशन-फाइलींची (संकेतस्थळावर येणाऱ्या दर गिऱ्हाइकाच्या तात्पुरत्या नोंदींची) जागा मी बदलली होती, आणि जुन्या फाइली झाडणारं काम अजून जुन्याच जागी चाललं होतं. लाखो बारक्या फाइलींनी सगळे आयनोड खाल्ले. ग्लान्सेसच्या डिस्कच्या रकान्यात जागा दिसते, आयनोड दिसत नाहीत. सुदैवाने त्यात एएमपी नावाची सोय आहे, आपल्या पसंतीची आज्ञा ठरावीक अंतराने चालवून तिचं उत्तर पडद्यावर दाखवायची. तिथे मी आयनोडची मोजणी लावून ठेवलीय. ही तुम्ही पहिल्याच दिवशी लावा.

आवृत्त्यांची भानगडही आहे. उबुंटूच्या भांडारातून ३ ची मालिका मिळाली, लॅपटॉपवर पिपने (पायथॉनची साधनं बसवणारी आज्ञा) ४ ची आली, आणि क्लायंट जोडायलाच तयार नाही. मुख्य आवृत्ती दोन्हीकडे एकच लागते. नुसत्या प्रोसेसेस बघायला आणि मारायला मला अजूनही एचटॉप हे दुसरं साधनच सोपं वाटतं.

आणि ते आपणहून हाक मारत नाही. पायरी ओलांडली की एखादी आज्ञा चालवायची सोय कॉन्फिगमध्ये आहे, लोड लाल झाला की मला मेल येईल असं मी केलंय. पण सर्व्हरच मेला तर मेल कोण पाठवणार? जूनमध्ये कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) अद्ययावतीनंतर मशीन पुन्हा सुरू झालं, टीमक्स गेलं, त्याच्यासोबत ग्लान्सेसही, आणि दोन दिवस मला पत्ता नव्हता. म्हणून आता टीमक्स बूट होतानाच सुरू होतं, आणि मित्राच्या कोल्हापुरातल्या मशीनवरून दर पाच मिनिटांनी आमचं पहिलं पान उघडून बघणारी छोटी स्क्रिप्ट आहे. पान उघडलं नाही तर ती मला आणि माझ्या भावाला निरोप धाडते. भाऊ मुंबईला असतो, तिथे वीज जात नाही.

परवा रात्री वारा सुटला, गडग्यावर फणसाची फांदी पडली, आणि चार तास फायबर, वीज, मोबाइल सगळंच गेलं. पहाटे नेट आलं तेव्हा मॉशची खिडकी उघडीच होती. वर निळ्या पट्टीवर शेवटचा संपर्क कधीचा ते लिहिलेलं, आणि मग पट्टी नाहीशी होऊन आकडे हलायला लागले. लोड ०.१२, मेमरी ६१, तळाच्या यादीत रात्रीची एकही नोंद नाही.