ठोकलेली नवी गाडी की धड असलेली जुनी? एकाच बजेटमधल्या दोन गाड्या

समजा बजेट फिक्स आहे आणि त्यात दोन सेकंडहँड गाड्या बसतायत. एक चारेक वर्षांची, पण ठोकलेली म्हणून स्वस्त. दुसरी दहा-बारा वर्षांची, रनिंग भरपूर झालंय, पण कुठे मार नाही. मन साहजिकच पहिलीकडे ओढतं, मॉडेल नवीन, फीचर्स जास्त, आणि काम काय, तेवढंच तर आहे, करून घेऊ. माझं म्हणणं असं की गाडी किती वाईट दिसतेय यावरून काही ठरवू नका, मार नेमका कुठे बसलाय ते बघा.

दरवाजा चेपलाय, फेंडर गेलाय, बंपर फुटलाय, गारांनी टपावर खड्डे पडलेत, तर ठोकलेली गाडी बिनधास्त बघा. दरवाजा, फेंडर, बोनेट हे सगळं बोल्टवर असतं, काढलं आणि दुसरं बसवलं. गारांचे डेंट तर बऱ्याचदा रंगाला हात न लावता आतून ढकलून काढता येतात, आणि नाही काढले तरी गाडी चालायला काही फरक पडत नाही. फक्त नव्या गाड्यांमधे बंपरच्या मागे किंवा काचेपाशी रडार, कॅमेरा असतो, तो असेल तर बंपर किंवा काच बदलल्यावर कॅलिब्रेशनचा खर्च वेगळा येतो, तो आधी विचारून घ्या.

मार चासीपर्यंत गेला असेल तर मात्र मी जुनी धड गाडीच घेईन. आजच्या बहुतेक कार मोनोकॉक असतात, म्हणजे वेगळी चासी नसतेच, बॉडी हीच चासी, आणि धडकेत पुढचा-मागचा भाग मुद्दाम दुमडेल असाच बनवलेला असतो. तो एकदा दुमडला की पुढच्या धडकेसाठी त्याची ताकद तेवढी उरेलच असं नाही. त्यात पिलरला (टप पेलणाऱ्या उभ्या खांबांना) वगैरे जे जास्त ताकदीचं स्टील असतं ते गरम करून ठोकून सरळ केलं की कमजोर होतं, ते बदलावंच लागतं, पण स्वस्तात काम करून देणारे सर्रास गरम करतात. बोनेट उघडून दोन्ही बाजूचे एप्रन, म्हणजे इंजिनच्या बाजूचे चाकांवरचे आतले पत्रे बघा, कंपनीचे स्पॉट वेल्ड एकसारखे गोल आणि ठराविक अंतरावर असतात, हाताने केलेलं वेल्डिंग लगेच वेगळं दिसतं. एकाच टायरची फक्त आतली कड झिजली असेल, अलाइनमेंट करूनही गाडी एका बाजूला ओढत असेल, तर गाडी सोडा.

एअरबॅग उघडल्या असतील तर खर्च फक्त बॅगांचा नसतो, सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट घट्ट ओढणारे), सेन्सर, एअरबॅगचं कंट्रोल मॉड्यूल, डॅशबोर्ड, सगळं ओळीने येतं. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर कुणीतरी तो बंद करून ठेवला असण्याची शक्यता धरा.

पुरात बुडालेली गाडी कितीही स्वस्त असो, नको म्हणजे नको. ही बाहेरून सगळ्यात चांगली दिसते, एक ओरखडा नसतो आणि तिथेच माणूस फसतो. पाणी वायरिंगच्या कनेक्टरमधे शिरलं की गंज हळूहळू चढत राहतो, आज सगळं चालतं आणि काही महिन्यांनी कधी पॉवर विंडो, कधी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असं एकेक निघायला लागतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिखलाचा डाग बघा, स्टेपनीखालचा खड्डा बघा, कार्पेट उचलून वास घ्या, आणि आत कडक परफ्यूम मारलेला असेल तर संशय वाढू द्या.

इंजिन तापून बसलेली गाडी मधली केस. फक्त हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा (ब्लॉक) यांच्यामधलं सील, गेलं असेल तर निभावतं, पण हेड वाकलंय की ब्लॉकला तडा गेलाय हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडून बघण्याची मजुरीही तुमच्याच माथी. ऑइल फिलरच्या झाकणाखाली, म्हणजे जिथून ऑइल भरतात तिथे, दुधाळ साय दिसली तर बहुतेक कूलंट ऑइलमधे मिसळलंय. इंजिन बदलायचं गृहीत धरूनही सौदा परवडत असेल तरच पुढे बोला.

आता त्या जुन्या गाडीचंही ऐका, ती काही फुकट नाही. सस्पेंशनचे बुश, क्लच, टायमिंग बेल्ट, रेडिएटरचे पाइप, वर्षभरात यातलं काहीतरी काढणारच. पण हे खर्च ओळखीचे असतात, एकेक करून येतात, आणि मधल्या काळात गाडी चालू असते. ठोकलेली मात्र गॅरेजमधे उभी राहते आणि मोठा पैसा सुरुवातीलाच मागते. जुनीत एअरबॅग कमी किंवा नसतीलच, हा तिचा खरा तोटा, घरचे रोज बसणार असतील तर तो हलक्यात घेऊ नका.

हिशोब असा करा. तेच मॉडेल, तेवढंच रनिंग, न ठोकलेलं, त्याची किंमत 100 धरा. ठोकलेली 60 ला मिळतेय आणि गॅरेजवाला 25 सांगतोय, म्हणजे 15 वाचले असं वाटतं. पण पॅनल उघडल्यावर आतलं काम निघतंच, त्यासाठी अजून 10 धरा, झाले 95, आणि विकताना ती ठोकलेलीच म्हणून विकली जाणार, वर इन्शुरन्सने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणारं नाही असं ठरवलेली असेल तर पुढे फुल कव्हर मिळायलाही अडचण येऊ शकते. त्यामुळे 60 ला नाही, 45 ला मागा.

अजून एक, आधीच दुरुस्त करून चकचकीत केलेल्या गाडीपेक्षा चेपलेली तशीच उभी असलेली मला जास्त आवडते, कारण मार दिसतो तरी. चकचकीत असेल तर पेंटची जाडी मोजायचं मशीन घेऊन जा, कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो, एखाद्या पॅनलवर 500 च्या वर आकडा आला तर बहुधा खाली लांबी (पुट्टी) भरलीय. गाडीच्या कॉम्प्युटरला लावायचा स्कॅनरही लावा, बिघाडाचे कोड नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या सेल्फ-टेस्ट त्यात अपूर्ण दिसतात. आणि आपला मेकॅनिक आणून गाडी लिफ्टवर चढवतो म्हटल्यावर विकणारा कारणं सांगायला लागला, तर दुसरी गाडी बघायला निघा.